एसआरपीची कंपनी : कागदावर किती, गाडीतून उतरतात किती?

लाइनीतला_पोरगा

परवा आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या शाळेत एसआरपी उतरली. विसर्जनाचा बंदोबस्त. स्थानिक पेपरात आदल्या दिवशी आलंच होतं, 'राज्य राखीव पोलीस बलाची एक कंपनी दाखल'. माझं लहानपण एसआरपीच्या लाइनीत गेलं, त्यामुळे ट्रक थांबला की उतरणारी माणसं मोजायची खोड आहे. मोजली. बासष्ट भरली. त्यात दोन भोजनसेवक, तीन ड्रायव्हर आणि एक कोत हवालदार (कोत म्हणजे शस्त्रागार). हा गृहस्थ रायफलींच्या पेट्यांपाशी जो बसला तो जेवायलासुद्धा उठला नाही, ताट तिथेच आलं. म्हणजे रस्त्यावर उभे राहायला छप्पन.

घरी येऊन अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणजे वडील, हवालदार म्हणून निवृत्त. बशीत चहा ओतत म्हणाले, "बासष्ट? बरीच आली की."

तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय. कुठे काही पेटलं की लगेच मागणी होते, अमुक जिल्ह्याला एसआरपीचा गट द्या. मिळतोही. पण आहेत त्या गटांतली माणसं जातात कुठे, हे कोणी विचारत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बहुतेक राज्यं ज्याला बटालियन म्हणतात त्याला आपण 'गट' म्हणतो. गटाचा प्रमुख समादेशक, एसपीच्या तोडीचा. त्याखाली सहायक समादेशक, मग ए, बी, सी अशा कंपन्या. कंपनीवर पोलीस निरीक्षक, प्लाटूनवर उपनिरीक्षक, सेक्शनवर हवालदार. कंपनी शंभराच्या घरातली धरतात. बल उभं राहिलं १९४८ साली, कायदा झाला १९५१ मध्ये. पहिले दोन गट पुण्यात रामटेकडीला, पाच आणि सात दौंडला, आठ गोरेगावला, दहा सोलापूरला, तेरा गडचिरोलीत. आता आकडा एकोणीसपर्यंत गेलाय. यांना पोलीस ठाणं नाही, तपास नाही, पंचनामा नाही. काम एकच : बोलावलं की निघायचं, अख्ख्या फलटणीनिशी.

आणि माझं म्हणणं असं की तो 'अख्ख्या' शब्दच आता उरलेला नाही. जाणकारांनी लिहावं. इतर राज्यांत कसं आहे तेही वाचायला आवडेल.

(अधिकृत नाव 'बल', पेपरवाले 'दल' लिहितात, लाइनीत नुसतं 'एसआरपी'. त्यावर उपधागा नको.)

नुसता_वाचक

रुमाल टाकून ठेवतो. विषय भारी.

माजी_कारकून

एका गटाच्या कार्यालयात बरीच वर्षं काढली आहेत, गटाचं नाव सांगणार नाही. माणसं कुठे जातात ते सांगतो, कारण सकाळचा ताकद तक्ता मीच भरायचो.

मंजूर पदं हा वरचा रकाना. त्याच्या लगेच खाली रिक्त. कंपनी तिथेच पहिल्यांदा बारीक होते. मग गटाचे स्वतःचे गार्ड : मेन गेट, क्वार्टर गार्ड, कोत, दारूगोळा. हे चोवीस तासांचे, त्यामुळे एका जागेला तीन-चार माणसं लागतात. मग कोर्सला गेलेले. मग सिक. मग रजेवरचे, आणि रजा द्यावीच लागते, बंदोबस्ताच्या आधी तर बायकांचे फोन थेट ऑफिसात येतात. मग बँड, खेळाडू, वर्कशॉप. मग आमच्यासारख्यांच्या टेबलाशेजारी बसून टायपिंग करणारे जवान, ज्यांचं अक्षर चांगलं हा त्यांचा गुन्हा. मग प्रतिनियुक्तीवर गेलेले : कोणी गुप्तवार्ता, कोणी एटीएस, कोणी फोर्स वन हे कमांडो पथक. ही माणसं पटावर आमचीच. आणि शेवटी असे काही, जे नक्की कुठे आहेत हे सगळ्यांना माहीत असतं पण तक्त्यात 'इतर कर्तव्य' लिहायचं असतं.

एवढं वजा करून जे राहतं त्याला कंपनी कमांडर 'फॉलिन' (रांगेत या) म्हणतो.

बासष्ट ही खरंच चांगली संख्या आहे. तुमच्या वडिलांशी सहमत.

आता दुसरी गोष्ट, जिची चर्चा कमी होते. कंपनी जिल्ह्यात पोचली की तिचा पगार, रजा, शिस्त समादेशकाकडे राहते, पण काम लावतो एसपी किंवा आयुक्त. सशस्त्र पोलिसांचा जुना दंडक असा की तुकडी मोडायची नाही. निदान सेक्शन तरी एकत्र ठेवायचं, आपल्या हवालदाराच्या हाताखाली. कारण जमाव अंगावर आला की शेजारचा माणूस कोण आहे, तो मागे सरणार की नाही, हे माहीत असावं लागतं. ड्रिल त्यासाठीच असते. प्रत्यक्षात काय होतं? दोघे या चौकात, चौघे त्या मशिदीपाशी, दोघे आमदारांच्या घराजवळ. संध्याकाळी उपनिरीक्षक मोटरसायकलवर स्वतःची प्लाटून शोधत फिरतो. मी पाहिलंय.

मैदानवीर

मी भरतीची तयारी करतोय म्हणून विचारतो. एसआरपीला उंची १६८ सेंमी, जिल्हा पोलिसाला १६५. आम्हाला पाच किलोमीटर धाव आणि तिलाच पन्नास गुण, त्यांना सोळाशे मीटर. एवढं जास्त पळवून घेतात आणि नंतर गेटवर उभं करतात का?

माजी_कारकून

बाळा, आधी भरती हो. गेट कुठे पळून जात नाही.

अर्धी_पोलीस

माझे मिस्टर एसआरपीत आहेत. गट विचारू नका.

तुम्ही सगळे आकडे मोजताय, मी दिवस मोजते. लग्नाला अकरा वर्षं झाली, दिवाळी एकत्र किती झाल्या ते बोटांवर सांगता येईल, आणि एका हाताची बोटं पुरतील. पेटी आमच्या पलंगाखाली भरलेलीच असते. हिरवी पत्र्याची, वर पांढऱ्या रंगात नंबर. लहान मुलगी ती पेटी बाहेर निघाली की रडायला लागायची, आता विचारते, "कुठे या वेळी?" 'सात दिवसांचा बंदोबस्त' म्हणून गेलेली कंपनी तिथून परस्पर दुसऱ्या जिल्ह्यात वळते. तिथून निवडणूक. तिथून गडचिरोली.

२०२० च्या एप्रिलमध्ये हिंगोलीचे जवान मालेगाव आणि मुंबईच्या बंदोबस्ताहून परतले आणि बाधित निघाले, ती बातमी आठवत असेल. आमचे हे तेव्हा दुसरीकडेच होते, एका शाळेच्या वर्गात वीस जण. अंतर ठेवा म्हणून दूरदर्शनवर सांगत होते, आणि यांच्या दोन सतरंज्यांमध्ये चप्पल ठेवायला जागा नव्हती.

एक मात्र खरं, कंपनी हेच यांचं घर आहे. तिकडे हे आजारी पडले तर मला पहिला फोन यांचा नाही, सीएचएमचा (कंपनी हवालदार मेजरचा) येतो. म्हणून तोडून चौकाचौकात वाटलं की यांना फार लागतं. "आम्हाला होमगार्डसारखं पेरलं" असं म्हणतात. होमगार्डवाल्यांनी रागावू नये.

भीमाकाठ

वहिनी, प्रतिसादाला दंडवत.

पण एक प्रश्न विचारतो, राग नसावा. ठरावीक वर्षं सेवा झाली की एसआरपीतून जिल्हा पोलिसात बदली मिळते. पूर्वी अट पंधरा वर्षांची होती, ती खाली आणली. जवानांची मागणी रास्तच आहे, पण गटाच्या बाजूने बघा. बारा-पंधरा वर्षं मुरलेला माणूस, ज्याला जमाव वाचता येतो, नेमका तोच निघून जातो. मागे राहतात नानवीजहून नुकतेच ट्रेनिंग करून आलेले. मग कंपनी तरुण दिसते, पण हवालदार कुठून आणणार?

अर्धी_पोलीस

राग नाही. पण चाळिशीनंतर माणसाने ट्रकच्या फाळक्यावरून उड्या मारत राहायचं का? गुडघे गेले आहेत त्यांचे. मुरलेला माणूस हवा असेल तर त्याला घर, वेळेवर बढती आणि वर्षातून काही ठरलेले महिने मुख्यालयात द्या, कोणी जाणार नाही. मी तरी जाऊ देणार नाही.

गोमतीकाठचा_मराठी

लखनौत वीस वर्षं राहतोय. इथे आपल्या एसआरपीचा मोठा भाऊ म्हणजे पीएसी, उत्तर प्रदेशची प्रॉव्हिन्शियल आर्म्ड कॉन्स्टॅब्युलरी. १९४८ चंच नाव, पण आकाराने फार मोठी. गंमत म्हणजे यांनी सगळी पदं शुद्ध हिंदीत नेली आहेत : बटालियनला 'वाहिनी', समादेशकाला 'सेनानायक', कंपनी कमांडरला 'दलनायक', प्लाटून कमांडरला 'गुल्मनायक'. क्वार्टर मास्तर झाला 'शिविरपाल'. पाटीवर वाचलं की मौर्यांच्या छावणीत आल्यासारखं वाटतं, आत गेलं की तीच पत्र्याची पेटी आणि तीच मच्छरदाणी.

पीएसीची एक चांगली गोष्ट : पुरासाठी वेगळ्या प्रशिक्षित कंपन्या, बोटींसकट. शरयू-घाघरा चढली की त्याच जातात, भलत्याच कंपनीला उचलून नावेत बसवत नाहीत. काम ठरलेलं असलं की माणसंही टिकतात, असं मला दिसतं.

आणि वाईट गोष्ट इतिहासातली. मे १९७३ मध्ये पीएसीनेच बंड केलं. नोकरीच्या अटी, वागणूक, साहेबांच्या घरची कामं, सगळं साठत गेलेलं. लष्कर बोलवावं लागलं, गोळीबार झाला आणि कमलापती त्रिपाठींचं सरकार गेलं. दंगल आवरायला ठेवलेलं बल बिथरलं तर त्याला आवरायला मग लष्करच उरतं. आपल्याकडे ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईत पोलीस बिथरले तेव्हाही बाहेरची दलं आणि लष्कर आणावं लागलं होतं. वहिनींनी लिहिलंय ते नुसतं घरगुती गाऱ्हाणं समजू नका.

महिलांचं म्हणाल तर इथे आता तीन महिला वाहिन्या आहेत : अवंतीबाई लोधी, उदादेवी आणि झलकारीबाई यांच्या नावाने. राजस्थानात हाडी रानी बटालियन त्याआधीची.

लाइनीतला_पोरगा

आपल्याकडे महिला गटाची घोषणा २०२० मध्ये काटोलसाठी झाली होती. त्याआधीची सत्तरेक वर्षं एसआरपीच्या लाइनीत बायका म्हणजे फक्त जवानांच्या बायका. मोर्च्यात महिला पुढे असल्या की जिल्ह्याच्या महिला पोलीस बोलावून आणायच्या, ही कसरत अण्णा नेहमी सांगतात.

मच्छेकर

बेळगावहून लिहितोय. आमच्याकडे मच्छेला केएसआरपीची, म्हणजे कर्नाटकच्या एसआरपीची, दुसरी बटालियन बसलीय. गंमत बघा की, कन्नड पेपरात केएसआरपीच्या प्लाटूनला 'तुकडी' लिहितात, आपलाच शब्द. एक नोव्हेंबर आला की आम्ही काळ्या फिती बांधतोय आणि समोर चार तुकड्या उभ्या. त्यातला एखादा जवान निपाणीकडचा निघतोय, मराठीत विचारतोय, "काका, चहा कुठं मिळतोय?" काय बोलणार.

मुद्द्याचं सांगतो. कर्नाटकात जिल्ह्याचा सशस्त्र विभाग वेगळा, त्याला डीएआर म्हणतात, बंगळूरसारख्या शहरात सीएआर. कैदी कोर्टात न्यायचा, खजिन्याचा गार्ड, व्हीआयपीच्या मागची गाडी, हे सगळं तिकडे. केएसआरपी त्यात निदान कागदावर तरी अडकत नाही. तुमच्याकडे हे वेगळं नाही काय?

माजी_कारकून

आहे की. प्रत्येक जिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयात सशस्त्र पोलीस असतात, बोलीत 'एचक्यूवाले'. कैदी पार्टी, ट्रेझरी गार्ड, दंगल नियंत्रण पथक, शीघ्र कृती दल हे सगळं त्यांच्यातून. मुंबईत त्यालाच 'एलए' म्हणतात : नायगाव, ताडदेव, वरळी, मरोळ. म्हणजे रचना तीन मजली आहे. ठाण्याचा पोलीस, त्यावर जिल्ह्याचा सशस्त्र, त्यावर एसआरपी. त्याहून वर केंद्राचं सीआरपीएफ.

घोळ असा होतो की ठाण्यात माणूस कमी पडला की एसपी मुख्यालयातून खेचतो. मुख्यालय रिकामं झालं की एसआरपी मागतो आणि तिला मुख्यालयाचं काम देतो. वरच्या मजल्यावरचं पाणी खालची गळती भरायला. पहारे कमी व्हावेत म्हणून तर २०१० च्या कायद्याने राज्य सुरक्षा महामंडळ काढलं, ज्याला पहारा हवा त्याने पैसे मोजावेत. मेट्रो, रुग्णालयं, सरकारी इमारती, बरंच काम तिकडे गेलंही. पण फुकट मिळणारा पहारेकरी कोण सोडतो?

जाता जाता : आपल्याकडे 'नि:शस्त्र पोलीस उपनिरीक्षक' असं अधिकृत पद आहे आणि त्याच्या कमरेला पिस्तूल असतं. नि:शस्त्र हे शाखेचं नाव. परदेशी पाहुण्याला हे समजावताना आमच्या साहेबांना एकदा घाम फुटला होता.

टेम्सकाठ

तो पाहुणा इथलाच असणार. :)

इंग्लंड-वेल्समध्ये ४३ प्रादेशिक पोलीस दलं आहेत आणि इथला साधा पोलीस खरोखरच बिनबंदुकीचा. बंदुकीची परवानगी असलेले सगळे मिळून सहा हजारांच्या आसपास, त्यातले सर्वात जास्त लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांत. उत्तर आयर्लंड वेगळं, तिथे सगळेच सशस्त्र.

इथे बटालियन, बरॅक असं काही नाही. दोघे-तिघे एका गाडीत, मोठ्या बंदुका गाडीतच तिजोरीबंद, दिवसरात्र फिरतीवर. आपली एसआरपी बोलावून आणायची असते, ही गाडी आधीच रस्त्यावर असते. जमाव आवरणं हे त्यांचं काम नाही. ते ढालवाले वेगळे, आणि ते बिनबंदुकीचे. आपण जमाव आणि बंदूक एकाच कंपनीच्या हातात देतो, हा फरक मला फार मोठा वाटतो.

माणसांची अडचण मात्र सारखीच. लहान दलांना स्वतंत्र सशस्त्र पथक परवडत नाही, म्हणून बेडफर्डशायर, केंब्रिजशायर आणि हर्टफर्डशायर या तीन दलांनी मिळून एकच चालवलंय. शिवाय इथे सशस्त्र होणं ऐच्छिक आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये लंडनच्या एका अधिकाऱ्यावर गोळीबारातल्या मृत्यूबद्दल खुनाचा आरोप ठेवला, तर कितीतरी जणांनी परवाने परत केले आणि दोन दिवस लष्कराला तयार राहायला सांगावं लागलं. तो अधिकारी पुढे निर्दोष सुटला. एसआरपीचा जवान 'मला एसएलआर (रायफल) नको' म्हणू शकतो का?

अर्धी_पोलीस

म्हणू शकतो. मग घरीच बसतो.

धोंडोपंत_तिरके

सगळं वाचलं. उपाय सोपा आहे, आणखी दहा गट मंजूर करा. बेरोजगारीही कमी होईल. उगाच तक्ते कशाला?

लाइनीतला_पोरगा

धोंडोपंत, नेमकं हेच नको म्हणतोय. नवा गट म्हटला की आधी नवं मेन गेट, नवी कोत, नवं ऑफिस, नवा बँड. माजी_कारकून यांच्या तक्त्यातल्या सगळ्या वजाबाक्या पहिल्या दिवसापासून सुरू. आणि नव्या गटाला जुने हवालदार द्यावे लागतात ते आहेत त्या गटांतून. तेच मंजुरीचे पैसे आहेत त्या गटांची रिक्त पदं भरायला वापरले तर वाढलेला प्रत्येक माणूस ट्रकमध्ये बसेल, कारण गेटवरचा माणूस तर आधीपासून उभाच आहे.

पण गटाचं भूमिपूजन करता येतं, रिक्त पद भरल्याचं करता येत नाही. जळगावच्या वरणगावचं केंद्र नगर जिल्ह्यात कुसडगावला गेलं तेव्हा किती आरडाओरड झाली आठवा. आमच्या तालुक्याला की तुमच्या, एवढीच चर्चा. कंपनीत माणसं किती यावर एक अक्षर कोणी बोललं नाही.

भीमाकाठ

एक भर. नवे गट निघतात त्यामागे केंद्राचा पैसाही आहे. इंडिया रिझर्व्ह बटालियनची योजना १९७१ पासूनची : बटालियन उभारायचा खर्च बराचसा केंद्र देतं, नंतरचा पगार राज्याचा, आणि केंद्राने मागितली तर ती राज्याबाहेर पाठवायची. संभाजीनगर, गोंदिया, कोल्हापूर हे आपले गट त्यातले. गोव्यातही आयआरबी आहे. म्हणजे घर बांधायला अनुदान, घरात माणसं ठेवायला नाही.

तुमच्या मुद्द्याशी मात्र पूर्ण सहमत नाही. गडचिरोलीत बाहेरून येणारी कंपनी काही महिन्यांनी बदलते. जंगल ओळखीचं व्हायला लागतं तोवर परतीचा आदेश. तिथे चाललं ते १९९० मध्ये काढलेलं सी-६०, साठ स्थानिक पोरांचं, त्यांची बोली आणि पायवाटा माहीत असलेलं. आंध्रात १९८९ चं ग्रेहाउंड्स. म्हणजे काही कामांना मोठी फलटण लागतच नाही, छोटं आणि तिथलंच पथक लागतं. सगळा दोष रिक्त पदांवर टाकू नका.

माजी_कारकून

बरोबर, पण सी-६० चे जवान जंगलात जातात तेव्हा मागे पोलीस मदत केंद्राच्या पहाऱ्यावर रात्रभर कोण जागतं? बहुतेक ठिकाणी एसआरपी. त्याची बातमी होत नाही, कारण त्या रात्री काही घडत नाही.

लाइनीतला_पोरगा

हे वाचून अण्णा म्हणाले, "याला भेटायला पाहिजे." कारकूनसाहेब, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

बाकी अपडेट : आज सकाळी आमच्या शाळेतली कंपनी हलली. साडेसहाला शिट्टी, शाळेच्या पटांगणात फॉलिन, सीएचएमने नावं घेतली. रात्रभर मिरवणुकीत उभी असलेली माणसं, काहींच्या बुटांवर अजून गुलाल. भोजनसेवकांनी पातेली चढवली, कोत हवालदाराने पेट्या मोजून घेतल्या, मग स्वतः चढला. मी सवयीप्रमाणे मोजली. एकोणसाठ.

गेटपाशी एका जवानाला विचारलं, तिघे कुठे? एक सिक, सिव्हिलला भरती केलाय. दोघांना इथल्या तहसीलच्या ट्रेझरी गार्डला ठेवून घेतलंय, दोन दिवसांसाठी.

घरी येऊन सांगितलं. अण्णांनी पेपर खाली ठेवला. "दोन दिवस म्हणाले का? मग त्यांच्या पेट्या उतरवून घेतल्या ना?"

परत जाऊन बघितलं. ट्रक गेला होता. शाळेच्या व्हरांड्यात दोन हिरव्या पेट्या होत्या.